शीव, बांध आणि टिपण

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात भालकी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर. सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



या व्यासपीठावरून दरवर्षी सीमेबद्दल बोलले जाते. १ नोव्हेंबर १९५६ ला काय झाले, १९६७ च्या महाजन अहवालाने काय केले, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा कसा दाखल केला, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ आहे. आज आम्ही त्या सीमेबद्दल बोलणार नाही. तुमच्या-आमच्या शेताच्या बांधाबद्दल बोलणार आहोत. दिल्लीतला निकाल लागायचा तेव्हा लागेल. बांधाच्या खटल्याची तारीख मात्र तालुक्याच्या कोर्टात महिन्या-दोन महिन्यांनी पडतेच, आणि वादी-प्रतिवादी दोन्हीकडे बहुतेक वेळा आपलीच आडनावे असतात.

सुरुवात आमच्याच घरापासून करतो, म्हणजे कुणाला टोचायला नको. आमच्या शेताच्या पूर्वेच्या बांधावरून शेजाऱ्यांशी दोन पिढ्यांचा वाद होता. आमचे आजोबा सांगत की त्यांनी धुरा कोरून कोरून आमच्या रानात आणला. त्यांचे आजोबा नेमके हेच आमच्याबद्दल सांगत. मधली काही वर्षे लग्नाच्या पत्रिकासुद्धा बंद झाल्या. शेवटी तूर निघाल्यावर, रान मोकळे असताना, पैसे भरून मोजणी मागवली. मोजणीदार आले. आम्ही त्यांना सरळ बांधावर नेले, तर ते बांधाकडे बघेचनात. हातात टिपणाची नक्कल घेऊन तीन शेते ओलांडून गावाच्या शिवेकडे चालू लागले. आम्ही मागून म्हणालो, ‘साहेब, भांडण इकडे आहे.’ ते म्हणाले, ‘भांडण इकडे आहे हो, पण खूण तिकडे आहे.’

त्या एका वाक्यात त्यांचा सगळा धंदा आला, हे आम्हांला पुढे कळले. बांध हा माणसाने घातलेला असतो, नांगराने सरकतो, पावसाने फुटतो. म्हणून मोजणीदार वादाच्या बांधापासून सुरुवात करत नाही. ज्या खुणेबद्दल कुणाचाच वाद नाही तिथून तो निघतो. तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, जुनी विहीर, शेजारच्या सर्व्हे नंबराचा शाबूत कोपरा, अशा दोन-तीन खुणा तो आधी शोधतो. त्यांच्यातले अंतर जागेवर मोजतो आणि टिपणातल्या आकड्याशी ताडून पाहतो. जुळले तर त्या खुणा भरवशाच्या. मग तिथून मोजत मोजत वादाच्या ठिकाणी यायचे.

हे टिपण म्हणजे काय, ते जरा सावकाश सांगतो. आपल्यातल्या पुष्कळांनी सातबारा पाहिला आहे, पहाणी पाहिली आहे, पण टिपण हातात धरलेले नाही. टिपण म्हणजे पहिल्या मोजणीच्या वेळी शेतात उभे राहून काढलेला हातनकाशा. तो प्रमाणात असेलच असे नाही, त्यातली रेघ वाकडी दिसेल. पण त्यावरचे आकडे खरे. शेताच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक सरळ आधाररेषा धरलेली असते. त्या रेषेवर साखळी टाकत जायचे, आणि शेताची हद्द जिथे जिथे वळते तिथे शंकू लावून काटकोनात डावीकडे किंवा उजवीकडे किती अंतर आहे ते लिहायचे. या रीतीला शंकुसाखळी म्हणतात. सगळे शेत असे त्रिकोणांत आणि पट्ट्यांत वाटले जाते, आणि क्षेत्र त्यावरून निघते.

साखळी ३३ फुटांची. तिचे १६ आणे. रुपयाचे आणे गेले, पण जमिनीचे आणे अजून आहेत! एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. पाया १० साखळ्या आणि उंची ४ साखळ्या असलेला त्रिकोण असेल तर दहा चोक चाळीस, त्याचे निम्मे २०, म्हणजे २० गुंठे, अर्धा एकर. कागद-पेन्सिल न घेता म्हातारी माणसे क्षेत्र सांगत, त्याचे कारण ही ३३ फुटांची साखळी.

आता आमच्या बांधाचा हिशेब ऐका. पूर्वेची हद्द २० साखळ्या, म्हणजे ६६० फूट. मोजणीदारांनी टिपणाप्रमाणे कोपरा काढला आणि तिथे खणायला सांगितले. दीड हात काळ्या मातीखाली हद्दीचा दगड लागला, ज्याला कचेरीत बांदुकल्लू म्हणतात. दगड बांधाच्या अलीकडे होता. म्हणजे आमच्या बाजूला, आम्ही नांगरत होतो त्या रानात. बांध सरासरी एक आणा, साधारण दोन फूट, सरकलेला होता. दोन फूट म्हणजे बैलाची एक फेरी. पण २० साखळ्यांच्या लांबीत त्याचा सव्वा गुंठा होतो. अतिक्रमण आमचे निघाले. दोन पिढ्या आम्ही ज्यांना चोर म्हटले त्यांची सव्वा गुंठा जमीन आमच्याकडे होती. शेजारचे म्हातारे मामा काठी टेकून उभे होते. ते म्हणाले, ‘साखळी बोलली. आता तुम्ही बोला.’ आमच्याजवळ बोलायला काही नव्हते. बांध मागे घेतला. पत्रिका पुन्हा सुरू झाल्या आहेत.

हे काम आपल्या भागाला नवीन नाही, हेही सांगायला हवे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. तिथे सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, १०७६ ते ११२६ च्या दरम्यान, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. वारसाहक्कासाठी वकील लोक आजही तिचे नाव घेतात. पण याज्ञवल्क्याच्या त्याच ग्रंथात सीमेच्या वादाचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते फारसे कुणी वाचत नाही. हद्दीची खूण कशी ओळखावी? उंचवटा, कोळसा, कोंडा, झाड, वारूळ, खड्डा, हाडे यांवरून. साक्षीदार कोण? शेजारी, गावातले म्हातारे, गुराखी, आणि शिवेलगत शेत कसणारे. खूणही नसेल तर शेजारच्या चार, आठ किंवा दहा जणांनी लाल वस्त्र आणि लाल माळ घालून, डोक्यावर माती घेऊन हद्दीने चालत जावे आणि ती दाखवावी. डोक्यावरची माती ही शपथ. कोळसा आणि कोंडा यांत शहाणपण असे की ते मातीत वर्षानुवर्षे कुजत नाहीत आणि नांगराला अडत नाहीत. वरचा दगड कुणी रात्रीतून हलवेल, खालच्या कोळशाची त्याला खबर नसते.

त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी बहामनी राज्याचा वजीर महमूद गवान याने बीदरमध्ये बसून जमिनीची पद्धतशीर मोजणी करण्याचा आणि गावांच्या हद्दी ठरवण्याचा हुकूम दिला. त्याचा मदरसा बघायला आपण पाहुण्यांना नेतो, मोजणीची गोष्ट सांगत नाही. त्याला १४८१ साली मारले. सरदारांच्या रागाला जी कारणे होती त्यांत त्याच्या राज्यकारभारातल्या सुधारणाही होत्या. जमीन मोजणारा माणूस मोठ्या लोकांना आवडत नाही, हे तेव्हापासूनचे आहे. आणि १८४१ साली इंग्रजांनी हिंदुस्थानच्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणासाठी एक आधाररेषा याच बीदर परिसरात मोजली. ती नकाशासाठी होती, शेतासाठी नव्हती, म्हणून तिथे जास्त थांबत नाही.

आपल्या शेतांची मोजणी निजामाच्या काळातली. मुंबई इलाख्यात १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून जी रयतवारी मोजणी बसवली, तिच्याच धर्तीवर पहिल्या सालारजंगाच्या कारभारात, १८७० च्या दशकात, हैदराबाद राज्याच्या मराठी मुलखात काम सुरू झाले आणि पुढे पसरत गेले. तेव्हा सर्व्हे नंबर पडले, टिपणे झाली, सेतवार झाले. सेतवारात नंबर, क्षेत्र, आकार आणि कब्जेदार. पुढे १९५४-५५ चे खासरा पत्रक. हे कागद उर्दूत, काही मोडीत, आणि साल फसली. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो. हैदराबादचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७ चा. जहागिरीच्या गावांचे आणखी वेगळे. कल्याणी ही नवाबाची जहागीर होती. तिथले दप्तर जहागीरदाराच्या कचेरीत असे, आणि १९४९ साली जहागिऱ्या गेल्यावर ते सरकारात जमा झाले. ज्यांची जमीन अशा गावात आहे त्यांनी जुना कागद सापडला नाही म्हणून घाबरू नये, पण शोध लवकर घ्यावा.

मग १९५६ आले. जुन्या बीदर जिल्ह्यातले निलंगा, उदगीर आणि अहमदपूर मराठवाड्यासोबत मुंबई राज्यात गेले, नारायणखेड आणि जहिराबाद आंध्रात गेले, आणि बीदर, औराद, भालकी, हुमनाबाद हे तालुके म्हैसूरला राहिले. पण ती रेघ कोणी नव्याने साखळी टाकून काढली नाही. ती तालुक्यांच्या आणि गावांच्या असलेल्या शिवेवरून गेली. म्हणजे औरादच्या एखाद्या गावाची शीव आणि पलीकडे उदगीर किंवा देवणीकडच्या गावाची शीव यांचे मूळ माप एकाच निजामी मोजणीतले आहे. आळंद-अफजलपूरकडे तसे नाही. पलीकडे अक्कलकोट संस्थान होते, ती १९४८ पूर्वीही दोन राज्यांची शीव होती, आणि मापेही दोन दप्तरांची.

एकाच मोजणीची दोन शेते पुढे दोन वाटांनी गेली. पलीकडे अनेक गावांत एकत्रीकरण होऊन गट नंबर पडले, इकडे सर्व्हे नंबरच राहिले. पलीकडे हेक्टर-आर आले, इकडे पहाणीत अजून एकर-गुंठे आहेत. (आर म्हणजे गुंठा नव्हे. आर गुंठ्यापेक्षा किंचित लहान, एकरात ४० गुंठे पण आर ४०.४७. दोन्हीकडे जमीन असलेल्यांनी बेरीज करताना हे ध्यानात ठेवावे, नाहीतर आपणच आपल्याला फसवतो.) इकडचा मोजणीदार पलीकडे साखळी टाकू शकत नाही, पलीकडचा इकडे येत नाही. ज्यांचा बांध राज्याच्या शिवेवर आहे त्यांनी दोन्ही तालुक्यांना अर्ज देऊन एकाच दिवसाची संयुक्त मोजणी मागावी. वेळ लागतो. पण एकतर्फी मोजणीचा नकाशा दुसऱ्या राज्यात कुणी मानत नाही.

आता मोजणीने काय ठरते आणि काय ठरत नाही, इथे आपल्या लोकांचा सर्वांत मोठा घोटाळा आहे. मोजणीदार हद्द कुठे आहे ते सांगतो. जमीन कोणाची, हे तो सांगत नाही. ते दिवाणी कोर्टाचे काम. उलट पहाणीत नाव आणि क्षेत्र असते, हद्द नसते. पहाणीतली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, पण ‘पहाणीत चार एकर आहे, मला चार एकर भरून द्या’ असे मोजणीदाराला सांगून उपयोग नाही. त्याच्यापुढे टिपण आहे, आकारबंद आहे, गावनकाशा आहे. त्या चार एकरांत पोटखराबा किती, त्यातून नाला किंवा वाट गेली आहे का, हे तो आधी बघेल. आणि खरेदीखतात लिहिलेले क्षेत्र आणि चतुःसीमा यांत फरक पडला, तर कोर्ट साधारणपणे चतुःसीमेला जास्त मानते. आपल्या जुन्या खतांत चतुःसीमा कशी लिहिली आहे ते घरी जाऊन बघा. पूर्वेस अमक्याचे रान, पश्चिमेस तमक्याचे. ते अमके-तमके जाऊन साठ वर्षे झाली, रान तीनदा विकले गेले. ज्यांना ती नावे ओळखता येतात अशी माणसे आता प्रत्येक गावात दोन-चार उरली आहेत. त्यांच्याकडून शेजाऱ्यांचे सर्व्हे नंबर लिहून घ्या.

दुसरा घोटाळा वाटणीचा. भावाभावांनी तोंडी वाटण्या केल्या, बांध घातले, वेगळे कसू लागले. पण सर्व्हे नंबर फुटला नाही, पोडी झाली नाही. पहाणीवर पाच जणांची नावे एकत्र. अशा ठिकाणी मोजणीदार बाहेरची हद्द दाखवील, आतला बांध दाखवायला त्याच्याजवळ कागदच नाही. आता नंबरातला तुकडा विकायचा तर आधी ‘११-ई’ नकाशा लागतो, आणि तो काढायच्या दिवशी पुण्याहून एक भाऊ, हैदराबादहून दुसरा, असे सगळे पहिल्यांदाच शेतात एकत्र येतात. तिथे काय होते ते आम्ही पाहिलेले आहे. बटईने लावलेल्या रानाचे तर विचारू नका. कसणाऱ्याला दगड कुठे आहे ते ठाऊक असते, मालकाला नसते. आणि दुसऱ्याने आपली जमीन उघडपणे, हक्काने बारा वर्षे वहिवाटली तर ती परत मागण्याचा दावा मुदतीबाहेर जाऊ शकतो.

भाषेचा मुद्दा टाळता येणार नाही. मोजणीची नोटीस कन्नडमध्ये येते. ती न वाचता कपाटात ठेवली जाते, मोजणीच्या दिवशी आपण हजर नसतो, शेजारी दाखवतो तो कोपरा लिहिला जातो आणि पंचनाम्यावर आपली सही नसते. नंतर आरडाओरडा. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने आपले गाऱ्हाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क आपल्याला आहे. १९५६ च्या केंद्राच्या निवेदनात अल्पसंख्य भाषिक १५ ते २० टक्के असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही काढण्याचे म्हटले आहे. मंडळ ती मागणी करत आले आहे आणि करत राहील. पण नोटिशीतला दिनांक आणि सर्व्हे नंबर वाचण्यापुरते कन्नड घरातल्या एकाला तरी यावे, यात आपल्या मराठीचे काही कमी होत नाही. आपल्या आजोबांना मोडी, उर्दू आणि कन्नड तिन्ही येत होते, म्हणून तर जमिनी टिकल्या.

नव्या यंत्रांबद्दल तरुण मंडळी विचारतात. २००२ च्या सुमारास ‘भूमी’ योजनेत राज्यातल्या सुमारे दोन कोटी पहाण्या संगणकावर गेल्या, पटवाऱ्याच्या मागे फिरणे संपले, हे चांगलेच झाले. मात्र हाताच्या पहाणीतली चूक संगणकात तशीच उतरली, आणि मराठी आडनावे कन्नडमध्ये टंकताना काही नव्या चुकांची भर पडली. आकारबंदातले आणि पहाणीतले क्षेत्र जुळते का, हे प्रत्येकाने एकदा ताडून बघावे. २०२० साली सुरू झालेली ड्रोनची स्वामित्व योजना गावठाणातल्या घरांसाठी आहे, शेतासाठी नाही. मोबाईलवर ‘दिशांक’मध्ये आपण कोणत्या नंबरात उभे आहोत ते कळते. त्यावर बांध घालायला जाऊ नये. उपग्रहाशी जोडलेला रोव्हर सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा सांगतो, हे खरे. पण कोणती जागा सांगायची, ते त्याला टिपणच सांगते. चुकीचा कोपरा धरला तर यंत्र तो चुकीचा कोपरा फार अचूक दाखवते!

मोजणी मान्य नसेल तर सहायक संचालक, भू-दाखले आणि त्यावर उपसंचालक यांच्याकडे दाद मागता येते. मोजणीदाराशी बांधावर हुज्जत घालू नये. हजर राहावे, हरकत पंचनाम्यात लिहून मागावी, नक्कल घ्यावी.

एवढे ऐकून घेतलेत. आता मंडळाचे काम सांगतो. तुरीची रास झाल्यावर, उन्हाळ्यापूर्वी, मंडळाच्या कचेरीत चार रविवार कागद वाचायला बसायचे ठरले आहे. उर्दू वाचणारे एक निवृत्त गुरुजी आणि मोडी वाचणारे एक गृहस्थ येणार आहेत, दोघेही काही घेणार नाहीत. ज्यांच्याकडे सेतवार, खासरा किंवा जुनी खते आहेत त्यांनी आणावीत. मूळ कागद एसटीत नेऊ नका, झेरॉक्स आणा. दोन भावांत वाद चालू असेल तर दोघांनी एकाच रविवारी यावे, आम्ही एकाचाच कागद वाचणार नाही.